पाहिलेला दाखला

अकोल्याच्या कोर्टात त्या दिवशी त्यांचं डोकं चाललं नाही, असं आमच्या अमरावतीच्या बाररूममध्ये अजून सांगतात. नव्याने सनद घेतलेल्या पोरांना सांगतात आणि सांगताना आवाज जरा खाली आणतात, कारण माणूस मोठा होता. मी तिथेच खुर्चीत असतो. ऐकतो, आणि पानाला चुना लावत राहतो. त्यांचं डोकं त्या दिवशी चाललं होतं. त्यानंतरही, शेवटपर्यंत, नीट चालत होतं. हे ठाऊक असलेला मी एकटाच आहे. वीस वर्षं झाली, मी हे बायकोजवळसुद्धा बोललेलो नाही.

त्यांचं नाव लिहीत नाही. वऱ्हाडातल्या जुन्या वकिलांना नावाशिवाय कळेल, आणि बाकीच्यांना नाव कळून उपयोग नाही. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. माघारी मुलं त्यांना 'पाहिलं-का' म्हणायची, आणि ते त्यांना माहीत होतं.

कारण कोणी काहीही सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न तोच. राजापेठेत आग लागली म्हणावं, तर "पाहिली का?" अमक्याच्या मुलीचं लग्न जमलं, तर "तुमी पाहिलं का बैठकीत?" नाही म्हटलं की ते मान हलवायचे आणि म्हणायचे, "मंग लग्न जमलं असं आयकलं म्हना." त्यांच्यापुढे माणसं जपून बोलत. एकदा सकाळच्या वर्गात मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "साप! साप!" सगळे उठले. साहेब जागचे हलले नाहीत.

"पाहिला का आयकला?"

"सळसळ ऐकली साहेब."

"मंग बसा खाली."

तेवढ्यात कपाटामागून तो खराच बाहेर आला. धामणच होती, पण हातभर लांब नव्हे, चांगली काठीएवढी. साहेबांनी तिच्याकडे नीट पाहिलं, "पाहिला," असं स्पष्ट म्हणाले, आणि धोतराचा सोगा आवरून टेबलावर चढले. धामण जाईपर्यंत त्यांनी टेबलावरूनच शिकवलं.

पत्रंही ते तशीच लिहायचे. वाक्य संपलं की समासात बारीक अक्षर: स्वतः पाहिलेल्या गोष्टीपुढे 'पा', दुसऱ्याकडून कळलेल्या गोष्टीपुढे 'ऐ'. 'इकडे सर्व खुशाल, पा. शेजारच्या काकूंना ताप, ऐ. कापसाचा भाव उतरला, ऐ.' तिवशाला त्यांचे थोरले भाऊ असत. ते वारल्याची तार आली तेव्हा साहेबांनी घरातल्या टिपणवहीत लिहिलं, 'दादा गेले, ऐ.' टांगा करून तिवशाला गेले, सगळं उरकून तेराव्या दिवशी परत आले, अंघोळ केली आणि ते अक्षर खोडून दुसरं लिहिलं. त्यांच्या मुलीने, वेणूताईंनी, मला ती वही दाखवली होती. हसावं की रडावं ते त्यांना कळत नव्हतं. वेणूताई लहानपणीच विधवा होऊन माहेरी आल्या होत्या. साहेबांनी त्यांना शिकवून मास्तरीण केलं. त्या काळी राजापेठेच्या बाजूला हेही नवलच होतं.

आता ही खूण कशासाठी, ते सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावरच येऊन थांबलं.

वकिलीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी आमच्या बारच्या लायब्ररीमागे पडवीत एक वर्ग चाले. कोर्ट उघडायच्या आत, सकाळी. साहेब शिकवत, मी त्यांचा ज्युनिअर आणि वर्गाचा चिटणीस. मुलांना सगळ्यात जड जाई ते दाखला देणं. म्हणजे आपल्या बाजूने एखादा जुना निकाल कोर्टापुढे ठेवायचा, तर तो कसा लिहायचा. सरकारी निकालमाला होती. तिची लिहिण्याची रीत अशी की आधी खंडाचा आकडा, मग कोर्ट, मग पान. त्या सुमारास निकाल छापणारी खाजगी मासिकं निघाली होती, स्वस्त आणि ताजी. त्यांची रीत वर्षावरून चाले: साल, कोर्ट, पान, संपलं. मुलांना ती आवडे. आणि तिसरी रीत साहेबांची. ती कुठल्याच पुस्तकात नव्हती.

साहेबांच्या रीतीत दोन्ही पक्षकारांची पूर्ण नावं यायची. मग गाव. मग वाद कशाचा, तो एका शब्दात: बांध, चिंच, म्हैस, दत्तक. कायद्याचं नाव आलं तर त्यापुढे 'वऱ्हाडास लागू केल्याप्रमाणे' हे लिहायचंच. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं, राज्य नागपूरहून इंग्रजांचं, आणि प्रत्येक कायदा इथे वेगळा हुकूम काढून लावलेला. ते विसरणाऱ्याला साहेब वर्गाबाहेर उभं करत. त्यानंतर खंड आणि पान. आणि सगळ्यात शेवटी ती खूण, खाली सही. निकाल स्वतः उघडून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला असेल तर 'पा'. सारसंग्रहातून, म्हणजे निकालांचा दोन-दोन ओळींत गोषवारा देणाऱ्या जाड्या पुस्तकातून, उचलला असेल तर 'ऐ'. 'ऐ' असलेला दाखला साहेब कोर्टात नेत नसत.

"निस्ता आकडा कायले पायजे?" ते म्हणायचे. "आकडा कोंडवाड्यातल्या ढोराले देतेत. हे मानसं हायेत. भांडले, रडले, पैसा घातला, तवा कुठं तो निकाल झाला."

कोणती रीत शिकवायची हे ठरवून एक छापील पान मुलांच्या हाती द्यावं, अशी बारने तिघांची कमिटी नेमली. साहेब, मी, आणि एक निवृत्त सबजज्ज. ते मूळ पुण्याकडचे, इथेच स्थायिक झालेले. त्यांना आम्ही रावसाहेब म्हणत असू. रावसाहेब वर्षाच्या रीतीचे. दोघांची जुंपली की आम्ही चहा घेऊन ऐकत बसायचो.

"अहो, चार ओळींचा दाखला! कोर्टाला तेवढा वेळ असतो का?"

"वेळ नाई तं कोर्ट उघडते काहून?"

"तुम्ही जरा सौम्य बोलत चला हो."

"मी सौम्यच बोलून राहिलो. तुमाले वऱ्हाडी कान नाईत."

एक मत इकडे, एक तिकडे, तिसरं माझं. मी साहेबांच्या बाजूने देणार हे त्यांना माहीत होतं. मी तसा शब्दच दिला होता. छापील पानाचा मसुदासुद्धा साहेबांनी मला लिहायला सांगितला होता. तो मसुदा नुसता कागद नव्हता. तीस वर्षं ते ज्या एका गोष्टीसाठी लोकांची थट्टा सोसत आले, ती त्यांच्यामागे चालू राहणार की नाही, एवढं त्यावर होतं. मूल एकच, तेही मुलगी, तिला कोर्टाचं दार बंद. "माह्यामागं हे पान राहीन," असं ते एकदा म्हणाले होते, आणि लगेच दुसरंच काहीतरी बोलू लागले होते.

त्या उन्हाळ्यात तान्हाबाईचं अपील अकोल्याला लागलं.

तान्हाबाई अकोटकडची माळीण. झेंडू, वांगी, मिरची. विहीर तिच्या नवऱ्याची आणि दिराची समाईक. चार दिवस ह्याची मोट, चार दिवस त्याची. नवरा गेल्यावर ती लेकरं घेऊन बरीच वर्षं माहेरी, अंजनगाव सुर्जीला राहिली. मुलं हाताशी आल्यावर परत आली, तर दीर म्हणाला, इतकी वर्षं पाणी घेतलं नाहीस, तुझी पाळी बुडाली. खालच्या कोर्टात ती हरली होती. साहेब तिला कायदा समजावून सांगत होते तेव्हा ती मध्येच म्हणाली, "वकीलसाहेब, पुस्तक काय म्हंते ते मले समजत नाई. मले माही पाळी भेटन का नाई तेवढं सांगा. वांगे वाळून राहिले."

साहेबांनी मला दाखले काढायला सांगितलं. दोन्ही बाजूंचे. ती त्यांची शिस्त होती: आपल्या बाजूचा दाखला कोऱ्या चिठ्ठीवर, विरोधकांकडून येईल असा वाटणारा दाखला निळ्या पेन्सिलीची रेघ डोक्यावर मारलेल्या चिठ्ठीवर. प्रत्येक चिठ्ठीवर खूण आणि सही.

मला सारसंग्रहात एक निकाल सापडला. गोषवारा दोन ओळींचा: 'विहिरीच्या पाण्याचा हक्क केवळ बरीच वर्षे न वापरल्याने नष्ट होत नाही.' याहून आणखी काय हवं होतं! तो खंड आमच्या लायब्ररीत कुलपात होता आणि किल्ल्या घेऊन लायब्ररीवाला लग्नाला गेला होता. दुसरी प्रत रावसाहेबांच्या घरी. माझ्या घरापासून पाऊण मैल. बाहेर वैशाखाचं ऊन होतं. मी जेवलो होतो, वाळ्याच्या पडद्यावर नुकतंच पाणी मारलं होतं. मी चिठ्ठीवर पक्षकारांची नावं लिहिली, गाव लिहिलं, खंड, पान लिहिलं, आणि खाली 'पा' लिहून सही केली. मग झोपलो.

कारण शोधायला मी पुष्कळदा मागे गेलो आहे. घरात आजारपण नव्हतं, माझं साहेबांशी वैर नव्हतं. ऊन होतं, एवढंच.

साहेबांनी चिठ्ठीवरून दाखला खुणेसकट कोर्टात द्यायच्या यादीत स्वतःच्या अक्षराने उतरवला. बडनेऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट पाहताना ते म्हणाले, "तो विहिरीचा निकाल मले उलटा आठवते हो."

"नाही साहेब, आपल्याच बाजूचा आहे."

"तुमी पाहिला न?"

"पाहिला."

"मंग झालं." ते हसले. "आपली आठवन सरकते. खुनेले पाय नसतेत."

ते स्वतः जाऊन पाहू शकले असते. अकोल्याला उतरल्यावर तिथल्या लायब्ररीकडे चार पावलं गेलेही होते. मग थांबले, वळले. ज्यावर दुसऱ्याने सही करून खूण केली, ते आपण पुन्हा उघडायचं म्हणजे त्याला खोटं ठरवायचं, असा त्यांचा नेम होता. माझ्याबाबतीत तो त्यांनी पाळला.

पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण मला ते लांबवून सांगता येत नाही. साहेब बोलायला उभे राहिले, यादी जज्जसाहेबांपुढे गेली. दिराचा वकील तरुण होता. त्याने तो खंड मागवला आणि शेवटचा परिच्छेद वाचून दाखवला. सारसंग्रह करणाऱ्याने उचललेल्या त्या दोन ओळी हरलेल्या वकिलाचं म्हणणं होतं. कोर्टाने ते फेटाळलं होतं. निकाल उलटा होता. साहेबांना आठवत होता तसा, शब्दन् शब्द उलटा.

जज्जसाहेबांनी चष्मा काढला. "हा निकाल आपण वाचला आहे?"

साहेबांनी हातातल्या यादीच्या नकलेकडे पाहिलं. खूण होती. "पाहिलेला हाये."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"आणि पूर्ण वाचून आपण तो आपल्या बाजूने म्हणून माझ्यापुढे ठेवलात?"

अशा वेळी दोनच अर्थ निघतात. एकतर वकील लबाड आहे, नाहीतर त्याचं डोकं गेलं आहे. साहेबांना वऱ्हाडात कोणी लबाड म्हणू शकत नव्हतं. त्या तरुण वकिलाने दयाबुद्धीनेच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "साहेब, वयोमानाने होतं असं." मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. माझ्या शेजारी जमिनीवर बसलेली तान्हाबाई मला विचारू लागली, "काय झालं? काहून हासून राहिले हे लोक?"

साहेबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. ज्युनिअर आता उठेल, काहीतरी खुलासा करेल, अशा नजरेने. मी दौतीकडे पाहत होतो. तिच्या काठावर शाई वाळून कवच झालं होतं.

त्यांच्याजवळ अजून बोलण्यासारखं होतं, शेजारच्या मळेवाल्याची जबानी होती. ते बोलले नाहीत. बसले. अपील फेटाळलं गेलं.

मी जे केलं ते त्यानंतरच्या दोन तासांत. साहेब बाहेर कडुनिंबाखाली बाकावर बसले होते, तान्हाबाई जवळच भाकरीचं फडकं सोडून तशीच बसून होती. मी अकोल्याच्या बारच्या लायब्ररीत गेलो. आता मात्र खंड उघडले. जो निकाल मी न वाचता दिला होता, तो दुसऱ्याच्या विहिरीतून पाणी घेण्याच्या हक्काचा होता. तान्हाबाईची विहीर समाईक होती, अर्धी तिचीच. त्यावर वेगळा निकाल असायला हवा होता, आणि तो होता. पाऊण तासात सापडला. समाईक मालकाने पाळी घेतली नाही म्हणून त्याची मालकी बुडत नाही, इतकं सरळ. तो मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. हा निकाल सकाळी कोर्टापुढे असता तर ती बाई जिंकली असती.

मी कोरी चिठ्ठी घेतली. तो निकाल नावागावासकट उतरवला. खाली 'पा' लिहून सही केली. ही खूण खरी होती. मग फाइलमधली पहिली चिठ्ठी काढली, खिशातली निळी पेन्सिल काढली आणि तिच्या डोक्यावर एक रेघ मारली.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर गेल्यावर साहेब म्हणाले, "तुमचे कागद दाखवा."

मी दोन्ही चिठ्ठ्या दिल्या. म्हणालो, "साहेब, मी आपला आणि विरोधकांचा असे दोन दिले होते. आपण निळ्या रेघेचा उतरवलात. बडनेऱ्याला मी ह्या दुसऱ्याबद्दल बोलत होतो." माझा आवाज अगदी साधा होता. मला अजून धक्का बसतो तो त्याचाच. मला वाटलं होतं खोटं बोलताना माणसाचं काहीतरी थरथरत असेल.

त्यांनी चिठ्ठ्या खिडकीच्या उजेडात धरल्या. "ह्या दोन होत्या?"

"दोन होत्या."

"हा दुसरा तुमी पाहिला?"

"पाहिला."

त्यांनी एक प्रश्न जास्त विचारला नाही. निळी रेघ ओली नव्हती, पेन्सिलीची रेघ ओली नसतेच. पण त्यांनी बोटाने घासून पाहिली असती, फाइलचा दोरा कोणी सोडला ते विचारलं असतं, तर मी सापडलो असतो. त्यांनी माझी सही पाहिली आणि चिठ्ठ्या परत दिल्या.

"म्हंजे मले आठवत होतं ते बरोबर होतं," ते हळू म्हणाले. "तरी हातानं उलटं लिवलं. अन् कोर्टात पाहिलं म्हनून सांगतलं." बडनेरा आलं तेव्हा म्हणाले, "तीस वर्षांत मी काय काय उलटं लिवलं असन, कोनाले मालूम?"

तान्हाबाईला नागपूरला दुसरं अपील करता आलं असतं. मुदत होती. साहेबांनी ते काम माझ्यावर सोपवलं, स्वतःच्या हातावर त्यांचा भरवसा उरला नव्हता. आणि दाखला माझ्या खिशात होता. मी तिला ते सांगितलं नाही. नागपूरला गेलं की सगळे कागद पुन्हा उघडणार, साहेब पुन्हा विचारात पडणार. तिला मी म्हणालो, "बाई, आता यात काही राहिलं नाही." ती म्हणाली, "तुमी म्हंता तं नसन राहिलं." पुढे तिने मळा दिरालाच देऊन टाकला असं कळलं. ऐकलं, पाहायला मी गेलो नाही.

कमिटीची बैठक तीन आठवड्यांनी झाली. साहेब आले, पगडी नीट, अल्पाकाचा काळा कोट नीट. रावसाहेबांनाच चोरट्यासारखं होत होतं. ते म्हणाले, "आपण हा विषय पुढच्या महिन्यात घेऊ या का?"

"काहून? आजच घ्या." साहेब उभे राहिले. "माही रीत काढून टाका. ती मानसाच्या भरवशावर चालते. मानूस बिघडला तं बाहेरून समजत नाई. ह्या पोराहीले वर्षाची रीत शिकवा. आकडा चुकला तं पान सापडत नाई, तेवढ्यावर भागते."

रावसाहेब, जे तीन वर्षं त्यांच्याशी भांडत होते, म्हणाले, "अहो पण तुमची रीत काही वाईट नव्हती हो."

"तुमचं मत द्या, रावसाहेब."

दोन हात वर झाले. दोघे माझ्याकडे पाहू लागले. मी हात वर केला, आणि चिटणीस म्हणून वहीत लिहिलं: सर्वानुमते.

साहेबांनी वर्ग सोडला, त्या वर्षाअखेर वकिलीही. मी वर्ग घेऊ लागलो.

ते घरी काय करतात हे मला वेणूताईंनी सांगितलं. रोज सकाळी जुन्या खंडातलं एक पान ते बघून उतरवायचे आणि वेणूताईंकडून मुळाशी ताडून घ्यायचे. चूक सापडायची नाही. "एकही नाही हो," वेणूताई म्हणाल्या. "आणि नाही सापडली की ते जास्तच घाबरतात. म्हणतात, वेणू, तू लपवते."

त्यांच्या अखेरच्या पावसाळ्यात मी भेटायला गेलो. खरं सांगायचं म्हणूनच गेलो होतो. वाटेत वाक्य जुळवत होतो. साहेब खाटेवर बसले होते, बरेच वाळलेले. मला पाहून त्यांना आनंद झाला. त्यांनी उतरवलेलं पान आणि मूळ खंड माझ्या हातात दिला.

"तुमी तपासा. हे पोरगी मले खरं नाई सांगत."

मी ओळ-ओळ ताडली. कोरीव अक्षर, एक काना इकडचा तिकडे नाही. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते. मला कळलं की आता मी 'काही चूक नाही' म्हटलं, की त्यांचा पुढचा प्रश्न अकोल्याचा असणार. ते वकील होते. हात शाबूत आहे असं एकदा माझ्या तोंडून निघालं, की दुसऱ्या चिठ्ठीवर यायला त्यांना दोन प्रश्न लागले असते.

मी म्हणालो, "साहेब, मधली एक ओळ सुटली आहे."

"पाहिली तुमी?"

"पाहिली."

त्यांनी पान मागे घेतलं नाही, कुठली ओळ ते विचारलं नाही. डोळे मिटले. चेहऱ्यावर, कसं सांगू, सुटल्यासारखं काहीतरी आलं. आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, "वेणू, आयकलं का? मी म्हनत नव्हतो?"

वेणूताई दारात उभ्या होत्या. त्यांनी ते पान त्या सकाळी दोनदा ताडलेलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता त्या बोलतील. पण त्यांनी पदर डोळ्यांना लावला. आपल्यालाच दिसलं नाही असं त्या धरून चालल्या. म्हणजे त्यांनीही माझ्यावर विश्वास ठेवला. त्यांनी दिलेला चहा मी संपवला आणि निघालो. दिवाळीच्या आत साहेब गेले.

हे सगळं आज लिहायला बसण्याचं कारण वेणूताईंचं पत्र. त्या आता तिवशाच्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका आहेत, वय पंचेचाळीसच्या पुढे. गेल्या महिन्यात त्यांनी लिहिलं, की वर्गात एका मुलीचं नाव दोनदा आठवलं नाही. हजेरीत एक खूण चुकीची पडली. 'बाबांचं असंच सुरू झालं होतं का? तुम्ही त्यांच्याजवळ होतात. अकोल्याच्या आधी काही दिसलं होतं का, ते मला स्पष्ट कळवा. माझंही तसंच होणार असेल तर मुलींचं नुकसान होण्याआधी मी नोकरी सोडते. राजीनामा लिहून ठेवला आहे.'

मी उलट टपाली लिहिलं की अशक्तपणाने होतं, वैद्याला दाखवा, दूध घेत जा. अकोल्याविषयी काही लिहिलं नाही. त्याला आता तीन आठवडे झाले. त्यांनी राजीनामा दिला की नाही मला माहीत नाही. मी अजून वर्ग घेतो. परवाच नव्या मुलांना साल, कोर्ट, पान शिकवलं.

तान्हाबाई आता नाही. तिच्या मुलांना मी सांगायला हवं की त्यांच्या आईची पाळी बुडालेली नव्हती, आणि ते तिला मी कळू दिलं नाही. आणि वेणूताईंना, पत्राने नव्हे, तिवशाला जाऊन, समोर बसून, मी हे सांगण्याचं देणं लागतो की त्यांच्या वडिलांना डोक्याचा कसलाही आजार नव्हता, त्या पानात एकही ओळ सुटलेली नव्हती, आणि प्रत्येक वेळी खोटं मी बोललो. हे देणं अजून बाकी आहे.